कोण कोणास म्हणाले? : अवतरणचिन्हाचा इतिहास आणि मराठी संहिता

१

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ‘कोण कोणास म्हणाले ते लिहा’ हा प्रश्न केव्हातरी सोडविलेला असतो. प्रश्नपत्रिकेत एक वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत छापलेले असते. त्या वाक्याचा वक्ता आणि श्रोता ओळखणे, एवढेच विद्यार्थ्याने करावयाचे असते. प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागे तीन गृहीतके आहेत. प्रत्येक उक्तीला एकच वक्ता असतो. उक्ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे निश्चित असते. आणि चिन्हांच्या आत असलेले शब्द म्हणजे वक्त्याने उच्चारलेलेच शब्द असतात. पदव्युत्तर वर्गात ‘ज्ञानेश्वरी’ किंवा ‘लीळाचरित्र’ शिकविताना हाच प्रश्न विचारला, की ही तीनही गृहीतके डळमळू लागतात. एखादी ओवी श्रीकृष्णाची, संजयाची की ज्ञानदेवांची, याचे निःसंदिग्ध उत्तर पुष्कळदा देता येत नाही.

ही अडचण त्या ग्रंथांतील उणिवेमुळे निर्माण होते, की आपण त्यांना लावीत असलेल्या मोजपट्टीमुळे? विरामचिन्हे ही लेखनाची निव्वळ बाह्य सोय आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे समीक्षेत त्यांचा विचार क्वचितच होतो. परंतु अवतरणचिन्ह हे इतर विरामचिन्हांपेक्षा वेगळे आहे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम वाक्याच्या रचनेविषयी सांगतात. अवतरणचिन्ह शब्दांच्या मालकीविषयी सांगते. म्हणूनच त्याचा इतिहास हा केवळ मुद्रणाचा इतिहास राहत नाही. तो ‘कर्ता’, ‘वक्ता’ आणि ‘प्रमाण’ या संकल्पनांच्या इतिहासात मिसळलेला आहे. प्रस्तुत लेखात हा इतिहास थोडक्यात पाहून, तो मराठी संहितांच्या संपादनाशी आणि वाचनाशी कसा संबद्ध आहे, याचा विचार करावयाचा आहे.

२

अवतरणचिन्हाचा उगम उक्ती दाखविण्याच्या गरजेतून झालेला नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील विद्वान ॲरिस्टार्कस याने होमरच्या महाकाव्यांची संहिता सिद्ध करताना समासात निरनिराळ्या खुणा केल्या. त्यांपैकी ‘डिप्ले’ ही खूण आडव्या पाचरीसारखी होती. या ओळीत काही लक्षणीय आहे, एवढाच तिचा अर्थ. तिच्याभोवती बिंदू दिले, तर झेनोडोटस या पूर्वसूरीशी संपादकाचा मतभेद आहे, असे सूचित होई. म्हणजे मूळ खूण ही संपादकाची होती, पात्राची किंवा कवीची नव्हती. आणि तिची जागा ओळीत नव्हती, समासात होती.

पुढे ख्रिस्ती लेखकांच्या हस्तलिखितांत या खुणेला वेगळे काम मिळाले. इ. स. ६३६ मध्ये निधन पावलेल्या सेव्हिलच्या इसिडोरने आपल्या ‘एटिमोलॉजी’ या कोशवजा ग्रंथाच्या पहिल्या खंडात हे काम सांगितले आहे : धर्माचार्यांच्या ग्रंथांत पवित्र शास्त्रातील वचने वेगळी दिसावीत, म्हणून लेखनिक ही खूण करतात. येथे अवतरण म्हणजे प्रमाणवचन होय. भाष्यकाराचे शब्द आणि ईश्वराचे शब्द यांत भेद राखणे, हा त्यामागील हेतू. कोणा सामान्य माणसाचे बोलणे अशा खुणेने वेगळे काढण्याचे कारणच नव्हते. मधल्या शतकांत लेखनिकांच्या हातून खुणेचा आकार बदलत गेला आणि पाचरीचे स्वल्पविरामासारख्या वळशांत रूपांतर झाले. माल्कम पार्क्स यांच्या विरामचिन्हविषयक ग्रंथात (१९९२) हे स्थित्यंतर हस्तलिखितांच्या आधारे तपशीलवार दाखविलेले आहे.

मुद्रणाच्या पहिल्या शतकांत ही चिन्हे ओळींच्या आरंभी, बहुधा समासातच, छापली जात. त्यांचा उपयोग मात्र आजच्या वाचकाला चकित करणारा आहे. ‘हॅम्लेट’च्या १६०३ च्या क्वार्टो आवृत्तीत पुढे पोलोनियस या नावाने प्रसिद्ध झालेले पात्र (त्या आवृत्तीत त्याचे नाव कोरँबिस असे आहे) मुलाला उपदेश करते, त्या ओळींच्या आरंभी अवतरणचिन्हे आढळतात. आजच्या संकेतानुसार पाहिले, तर हे पात्र दुसऱ्या कोणाचे तरी शब्द उद्धृत करीत आहे, असे वाटेल. वास्तविक ती खूण ‘हे सुभाषित आहे, आपल्या वहीत उतरवून घ्यावे’ अशी वाचकाला केलेली सूचना आहे. एलिझाबेथकालीन पुस्तकांतील या प्रथेचा अभ्यास जी. के. हंटर यांनी १९५१ मध्ये केला. मार्ग्रेटा द ग्राझिया यांनी १९९१-९२ च्या सुमारास लिहिलेल्या लेखांत त्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. त्यांच्या मते सोळाव्या-सतराव्या शतकांत अवतरणचिन्ह ‘हे सर्वांचे आहे’ असे सांगत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते ‘हे अमक्याचे आहे’ असे सांगू लागले. जे चिन्ह वाचकाला शब्द उचलण्याचे आमंत्रण देत होते, तेच पुढे शब्दांभोवतीचे कुंपण झाले.

हा बदल एकाकी नव्हता. ब्रिटनमध्ये ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा १७१० मध्ये अमलात आला. त्याच शतकात गद्य कादंबरी स्थिरावली आणि पात्रांचे संभाषण निवेदनापासून वेगळे दाखविण्याची गरज निर्माण झाली. डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये (१७१९) आजच्या पद्धतीची अवतरणचिन्हे नाहीत, शतकाअखेरीस ती इंग्रजी कादंबरीत रूढ झालेली दिसतात. तरीही ‘शब्दशः उक्ती’ हा त्यांचा अर्थ लगेच पक्का झाला नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तृतीयपुरुषी आणि भूतकाळी रूपात दिलेले बोलणेही क्वचित अवतरणचिन्हांत येते. फ्रेंच कादंबरीने संभाषणासाठी पुष्कळदा संयोगरेषेसारखी लांब रेघ वापरली. जेम्स जॉइसला इंग्रजी पद्धतीची चिन्हे खुपत असत. ‘डब्लिनर्स’ (१९१४) त्याच्या इच्छेविरुद्ध त्या चिन्हांसह छापले गेले, ‘युलिसिस’मध्ये (१९२२) मात्र त्याने रेघच वापरली. म्हणजे ज्या परंपरेतून हे चिन्ह आपल्याकडे आले, त्या परंपरेतही ते स्वयंसिद्ध नव्हते.

३

भारतीय परंपरेत उक्ती वेगळी दाखविण्याचे काम खुणेने नव्हे, शब्दाने केले आहे. संस्कृतातील ‘इति’ हे अव्यय उक्तीच्या अखेरीस येते आणि आधीचे शब्द परकीय आहेत, असे सांगते. महाकाव्यांत आणि पुराणांत ‘उवाच’ने होणारा आरंभ याला पूरक ठरतो, गीतेतील ‘श्रीभगवानुवाच’ यासारखे निर्देश तर वृत्ताच्या बाहेर राहतात. आरंभी ‘उवाच’ आणि अखेरीस ‘इति’ अशी ही व्यवस्था आहे. ती कानासाठी आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या पण उच्चारात न येणाऱ्या खुणेची तिला गरज नाही.

‘इति’विषयीचा आपल्याकडील विचार केवळ व्यावहारिक नव्हता. व्याकरणशास्त्रात शब्द हा स्वतःच्या रूपाचा बोधक असतो, अर्थाचा नव्हे, असा नियम पाणिनीने सांगितला आहे (१.१.६८), पारिभाषिक संज्ञा तेवढ्या त्याला अपवाद. म्हणून सूत्रात जेथे अर्थच अभिप्रेत असेल, तेथे ‘इति’ची योजना करावी लागते (१.१.४४). लोकव्यवहारात ‘इति’मुळे शब्द अर्थापासून सुटून स्वरूपाकडे वळतो, शास्त्रात याच्या उलट घडते. शब्द वापरणे आणि शब्दाचा निर्देश करणे यांतील भेद क्वाइनसारख्या तर्कशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अवतरणचिन्हांच्या साहाय्याने काटेकोरपणे मांडला. तोच भेद पाणिनीय परंपरेत खुणेवाचून मांडला गेला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठीत ‘इति’चे काम ‘म्हणून’ आणि ‘असे’ हे शब्द करतात. ‘म्हणणे’ या धातूपासून आलेला ‘म्हणून’ उक्ती मिटवितो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. ‘रामराव म्हणून एक गृहस्थ’ येथे तो नाव सांगतो, ‘बरे नव्हते म्हणून आलो नाही’ येथे कारण सांगतो. कन्नडातील ‘एंदु’, तेलुगूतील ‘अनि’ ही रूपेही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासून आलेली असून त्यांचे काम याच जातीचे आहे. दक्खिनीतील ‘बोलके’ याच वळणाचा आहे. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, हा विचार एमेनो यांनी १९५६ मध्ये मांडला; कौपर यांनी १९६७ मध्ये त्या क्षेत्राची जी लक्षणे तपासली, त्यांत ‘इति’चा प्रयोगही आहे. मराठी या दोन भाषाकुळांच्या सीमेवरची भाषा असल्याने तिच्यात ही रचना विशेष खोलवर रुजलेली आहे.

या रचनेचा एक परिणाम समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘मी उद्या येतो असे तो म्हणाला’, ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’, ‘मी उद्या येतो म्हणून तो म्हणाला होता’ या तीनही वाक्यांत प्रथमपुरुष आणि वर्तमानकाळ कायम राहतात. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना पुरुष आणि काळ बदलावे लागतात. मराठीत बदलावे लागत नाहीत. त्यामुळे यांतील कोणतेही वाक्य धड ‘प्रत्यक्ष’ नाही आणि धड ‘अप्रत्यक्ष’ही नाही. त्यातील ‘मी’ कोण, हे प्रसंगावरून ठरते. व्होलोशिनॉव्हने १९२९ मध्ये परोक्तीच्या प्रकारांची जी मीमांसा केली, तीत दुसऱ्याच्या बोलण्याभोवती ठळक सीमा आखणारी शैली आणि ती सीमा विरविरीत करणारी शैली असा भेद आहे. मराठी वाक्यरचनेचा स्वाभाविक कल दुसऱ्या शैलीकडे आहे, असे म्हणता येईल. मुक्त अप्रत्यक्ष कथनाची पाश्चात्त्य चर्चा मराठी कादंबरीला जशीच्या तशी लावताना हा फरक बहुधा नजरेआड होतो.

४

जुन्या मराठी ग्रंथांत खुणा नव्हत्या, म्हणून वाणींचा भेद राखला जात नव्हता, असे मात्र नाही. महानुभाव वाङ्मय हे याचे उत्तम उदाहरण आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास, नागदेवाचार्यांच्या आणि प्रत्यक्ष साक्षीदारांच्या आठवणींवरून संकलित केल्या. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी असतील, तर त्यांची ‘वासना’ या नावाने नोंद करण्याची पद्धत या परंपरेत आहे. पुढे केसोबासाने चक्रधरांची वचने प्रसंगांपासून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला, आणि त्या सूत्रांचे प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ही परंपरेत निर्माण झाले. ‘दृष्टान्तपाठा’ची रचना याहून बोलकी आहे. त्यात सूत्र आणि दृष्टान्त हे चक्रधरांचे, तर दार्ष्टान्तिक केसोबासाचे आहे. कोणते शब्द कोणाचे, हा भेद ग्रंथाच्या विभागणीनेच पाळला गेला आहे. स्वामींचे शब्द शब्दशः राखण्याची इतकी दक्षता अवतरणचिन्हावाचून घेता आली, ही गोष्ट चिन्हाच्या अनिवार्यतेविषयी शंका उत्पन्न करण्यास पुरेशी आहे.

‘ज्ञानेश्वरी’त वेगळी परिस्थिती आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा विस्तार करताना श्रीकृष्ण अर्जुनाशी, संजय धृतराष्ट्राशी आणि ज्ञानदेव श्रोत्यांशी व गुरूंशी बोलतात. हे तीन संवाद एकमेकांत गुंतलेले आहेत. श्रीकृष्णाच्या मुखातील उपमांचा विस्तार चालू असताना निवेदक केव्हा पुढे आला, हे पुष्कळ ठिकाणी सांगता येत नाही. आणि ते सांगता न येणे हा ग्रंथाच्या अर्थाचाच भाग आहे. टीकाकाराची वाणी ही गुरुकृपेने देवाचीच वाणी झाली आहे, अशी या ग्रंथाची भूमिका असेल, तर दोहोंमध्ये खूण करून सीमा आखणारा संपादक ग्रंथाच्या भूमिकेविरुद्ध निर्णय देत असतो.

संतांच्या अभंगांतील नाममुद्रेचाही या संदर्भात विचार करावयास हवा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ यांतील क्रियापद ‘म्हणणे’ हेच आहे. मुद्रा अभंगाच्या अखेरीस येते आणि ‘इति’प्रमाणे मागील शब्दांना वक्ता मिळवून देते. परंतु ही मुद्रा म्हणजे ग्रंथस्वामित्वाची नोंद नव्हे. नामदेवांच्या नावावरील अभंगांत विष्णुदास नाम्यासारख्या उत्तरकालीन कवींची रचना मिसळलेली आहे, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील जुना प्रश्न आहे. जॉन हॉली यांनी १९८८ मध्ये उत्तर भारतीय भक्तिकाव्याविषयी लिहिताना दाखविले, की मुद्रेतील नाव हे लेखकाचे असण्यापेक्षा प्रामाण्याचे असते. ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांनी २००३ मध्ये नामदेव-परंपरेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला. ‘नामा म्हणे’ असे म्हणणारा कीर्तनकार नामदेवांचे शब्द चोरीत नसतो आणि काटेकोरपणे उद्धृतही करीत नसतो. तो त्या नावाच्या अधिकाराखाली बोलत असतो. सतराव्या शतकापूर्वीच्या युरोपीय चिन्हाशी या मुद्रेचे जेवढे साम्य आहे, तेवढे आजच्या अवतरणचिन्हाशी नाही.

५

मराठीत युरोपीय विरामचिन्हे मुद्रणाबरोबर आली. त्यांना शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील सहकारी आणि सरकारी मराठी भाषांतरकार या नात्याने पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर त्यांचा मोठा प्रभाव होता. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आलेले होते. भाषेला नियमांत बसविण्याच्या याच काळात अवतरणचिन्ह मराठीत स्थिर झाले. इंग्रजीत ते नुकतेच ‘शब्दांच्या मालकी’चे चिन्ह झाले होते, आपल्याकडे आले ते त्याच अर्थाने. डिप्लेचा किंवा सुभाषितांच्या खुणेचा इतिहास त्याच्याबरोबर आला नाही.

विरामचिन्हांमुळे मराठी गद्याचा मोठा फायदा झाला, हे मान्य करावयास हवे. नियतकालिके, कादंबरी, नाट्यवाचन आणि वादविवाद यांना त्यांच्यावाचून आजचे रूप आले नसते. प्रतिपक्षाचे शब्द तसेच्या तसे देऊन त्यांचे खंडन करणे, ही आधुनिक वादपद्धतीची शिस्त याच चिन्हाने शक्य केली. प्रश्न निर्माण होतो तो हे चिन्ह मागील काळातील संहितांवर लावताना.

मोडी पत्रव्यवहाराचे उदाहरण घेता येईल. पेशवेकालीन पत्रात आलेल्या पत्राचा मजकूर आधी सांगितला जातो, तो ‘म्हणोन लिहिले’ असे म्हणून मिटविला जातो आणि ‘त्यास’ या शब्दाने स्वतःचे उत्तर सुरू होते. व्यवस्था अत्यंत स्पष्ट आहे. पण ‘म्हणोन लिहिले’च्या आधीचा मजकूर समोरच्याचे नेमके शब्द आहेत, की त्यांचा गोषवारा, हे ती व्यवस्था सांगत नाही, ते सांगण्याची तिला आवश्यकताही वाटत नाही. संपादकाने तेथे अवतरणचिन्हे घातली, तर गोषवाऱ्याला शब्दशः उताऱ्याचा दर्जा मिळतो.

बखरींच्या बाबतीत याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचतात. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर छत्रपती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर (१६८०), राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, जिंजी येथे सोळाशे नव्वदच्या दशकात लिहिली गेली. तीत पात्रांच्या तोंडी येणारे बोलणे ‘ऐसे’, ‘म्हणून’ या शब्दांनी मिटते. प्रसंगाला शोभेल असे बोलणे पात्राच्या तोंडी घालणे, हा बखरकाराच्या कथनाचा मान्य संकेत आहे. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’पासून बखरी छापील स्वरूपात वाचकांपुढे आल्या आणि पुढील काळात त्यांतील वाक्ये चरित्रांत, व्याख्यानांत व पाठ्यपुस्तकांत अवतरणचिन्हांसह उतरू लागली. अशा रीतीने कथनाचा एक संकेत ऐतिहासिक पुराव्याच्या वेषात वावरू लागतो. वाचकाला ‘महाराज असे म्हणाले’ एवढेच दिसते. ‘महाराज असे म्हणाले असे सभासद म्हणतो’ यातील दुसरे ‘म्हणणे’ गळून पडते.

६

ललित साहित्यात हे चिन्ह आणखी एका सीमेवर उभे राहिले. प्रमाणभाषेतील निवेदन आणि बोलीतील संवाद अशी विभागणी मराठी ग्रामीण कथात्म साहित्याने दीर्घकाळ पाळली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक शाळामास्तर आहे, तो प्रमाण मराठीत सांगतो आणि धनगर आपल्या बोलीत बोलतात. या कादंबरीत या विभागणीला कथेचे समर्थन आहे, कारण मास्तर त्या वाडीत बाहेरून आलेला आहे. परंतु तीच पद्धत सार्वत्रिक झाली, तेव्हा बोलीचा वावर अवतरणचिन्हांच्या आतल्या जागेपुरता उरला. बोली बोलावी पात्रांनी, सांगावे मात्र प्रमाणभाषेने, असा हा अलिखित नियम होता. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत संपूर्ण निवेदनच बोलीत आले. त्याकडे केवळ भाषिक प्रयोग म्हणून पाहणे अपुरे ठरते. सांगण्याचा अधिकार चिन्हांच्या आतून बाहेर आला, हे त्यातील महत्त्वाचे स्थित्यंतर आहे. त्यानंतरच्या दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांची भाषा तपासतानाही, कोणते शब्द चिन्हांच्या आत राहिले आणि कोणते बाहेर आले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

एकेरी अवतरणचिन्हाची कथा याच्याशी जोडलेली आहे. एखाद्या शब्दावर जोर देणे किंवा त्याच्यापासून अंतर राखणे, या दोन परस्परविरोधी कामांसाठी आपण तेच चिन्ह वापरतो. कोणतेही चिन्ह मूळ संदर्भातून उचलून अवतरणात घालता येते, आणि हीच शक्यता त्याच्या चिन्हत्वाची अट आहे, असे देरिदाने १९७१ मधील आपल्या व्याख्यानात प्रतिपादन केले. सैद्धान्तिक समीक्षेच्या प्रभावाखाली मराठी समीक्षालेखनात एकेरी चिन्हांची संख्या वाढत गेली, ती याच जाणिवेतून. मात्र प्रत्येक संज्ञा चिन्हांत घालणारा समीक्षक कोणत्याच संज्ञेची जबाबदारी घेत नाही, हा धोका त्यात आहे. प्रस्तुत लेखही त्यापासून पूर्णतः मुक्त आहे, असा दावा करता येणार नाही.

७

या विवेचनातून जुन्या संहिता चिन्हांवाचूनच छापाव्यात, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीत चिन्हे लागतातच. अपेक्षा आहे ती एवढीच की, ती संपादकाची आहेत, हे संपादकाने सांगावे. पाठभेद तळटीपेत नोंदविण्याची शिस्त आपण स्वीकारली आहे. जेथे उक्तीची सीमा संदिग्ध आहे, तेथे ती संदिग्धता नोंदविण्याची शिस्त मात्र अद्याप रुजलेली नाही. अवतरणचिन्ह घालणे हाही एक पाठनिर्णय आहे. किंबहुना एखाद्या अक्षराच्या भेदापेक्षा त्याने अर्थ अधिक बदलू शकतो.

दुसरी अपेक्षा कथनमीमांसेकडून आहे. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन ही जोडी इंग्रजी व्याकरणातून आपल्या शालेय व्याकरणात आली आणि तेथून समीक्षेत. ‘म्हणून’, ‘असे’ आणि ‘की’ यांच्या प्रत्यक्ष वापरावर आधारलेली परोक्तीची मीमांसा मराठीत झाली, तर मध्ययुगीन ग्रंथांइतकीच आधुनिक कादंबरीही वेगळी दिसू लागेल.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ही खूण संपादकाने समासात केली होती आणि आपण का थांबलो, हे तो स्वतंत्रपणे सांगत असे. ती ओळीत शिरली आणि संपादक अदृश्य झाला. ‘कोण कोणास म्हणाले’ हा प्रश्न जुन्या संहितेला विचारताना त्याला आणखी एक प्रश्न जोडणे आवश्यक आहे : ते तसे म्हणाले, हे आपल्याला कोण सांगत आहे?